ओढायचे टायर

“गाडीत माणसं किती?” टायरवाल्याने विचारलं, आणि निरीक्षक म्हणाला, “एक.”

एवढंच झालं. टायरवाला मान खाली घालून कॅल्क्युलेटरवर बोटं आपटत राहिला, आत कुठेतरी हवेचा पंप धडधडत सुरू झाला, आणि निरीक्षकाच्या डाव्या हाताला, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ, प्लास्टिकच्या खुर्चीत त्याची बायको बसलेली होती. पाठीशी घरून आणलेली उशी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिने ऐकलं नसेल अशी स्वतःची समजूत घालायचीही सोय नव्हती. समोरच्या भिंतीवर नव्या टायरांची रांग टांगलेली होती, तिकडे ती बघत होती आणि बघतच राहिली. मान वळली नाही, भुवई हलली नाही. आता चटकन हसून म्हणायला हवं होतं, अहो एक कसलं, दोन, ही काय समोर बसलीय! टायरवाला हसला असता, तीही कदाचित हसली असती, आणि विषय तिथल्या तिथे मिटला असता. पण चूक दुरुस्त करायची तर आधी चूक झाली असं म्हणावं लागतं, आणि निरीक्षकाचं घोडं आयुष्यभर तिथेच पेंड खात आलं होतं. तो भिंतीवरच्या एका टायरची नक्षी फार विचारपूर्वक पाहतोय असा चेहरा करून बसला.

मनात मात्र वकिली सुरू झाली. एक म्हणजे आपल्याशिवाय एक, असंच म्हणायचं होतं आपल्याला. चालवणारा कोण मोजतो? चालवणारा गाडीचाच भाग. पण हे दुसऱ्या कुणाला पटवता आलं असतं, त्याला स्वतःला पटवता येईना, कारण उभी नोकरी त्याने लिफ्टांच्या तपासणीत घालवलेली होती आणि तिथे चालवणारा मोजतात. लिफ्टच्या आतल्या पाटीवर ‘लिफ्टमनसह’ हा शब्द नाही म्हणून त्याने एका इस्पितळाची लिफ्ट बंद पाडली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी हातापाया पडूनही सही केली नव्हती. माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. जाडा असो, काटकुळा असो, म्हातारा असो, नियमाला सगळे सारखे. मुलगी लहान असताना पाहुण्यांना सांगायची, बाबा मला अजून अर्धंच माणूस धरतात, आणि पाहुणे पोट धरून हसायचे. बायकोही हसायची. तिला तो पूर्ण माणूस धरत होता की नाही हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आणि आज कुणी तरी पहिल्यांदा विचारलं तर हे असं उत्तर आलं, न अडखळता, जणू वर्षानुवर्षं ते तोंडाशीच येऊन थांबलेलं होतं.

“एक असेल तर मग प्रश्नच नाही,” टायरवाला चष्मा कपाळावर ढकलत म्हणाला. पोट टेबलाला टेकवून बसणारा, बोलका, स्वतःच्या विनोदाला आधी स्वतःच हसणारा माणूस होता. “हे बघा साहेब. तुमचा ट्रक, हौद्यात जनरेटर, पाण्याचे कॅन, आणि मागे ओढायचा कॅम्पर, चाकांवरची खोलीच ती. कॅम्परचं नाक ट्रकच्या शेपटीवर बसतं, म्हणजे तेही वजन मागच्या दोन टायरांवरच. एका माणसाला हा मऊवाला पुरतो. काठावर, पण पुरतो. घरच्या सोफ्यासारखा चालतो. दुसरं माणूस आलं तर मात्र काठ ओलांडला. मग हा कडकवाला घ्यावा लागेल, दहा प्लायचा, म्हणजे दहा पदरी. ओढायला हत्ती आहे हत्ती, पण गाडी रिकामी असली की रस्त्यावरचा खडा न् खडा मोजून सांगतो. टायर कडक असला की गाडी ऐकते आणि बायको ऐकवते!” आणि तो हसला. मग खुर्चीतल्या बाईंकडे त्याचं लक्ष गेलं, तशी त्याच्या हसण्याची हवा गेली आणि त्याने विचारलं, “ताई पण जाणार आहेत का?”

निरीक्षकाला प्रश्नातली गोम तेवढ्यात कळली. तिच्या दुखऱ्या पाठीला झेपेल असा टायर ती नसली तरच पुरणार होता. आणि ती यायची म्हटलं, तर जो टायर लागणार होता त्याच्यावर तिला बसवणार नव्हतं. पाणी कमी करा, जनरेटर घरी ठेवा, एवढ्या तेवढ्याने काय होतंय, असं टायरवाला पुढे म्हणालाही. दुसरा कुणी असता तर त्याने जनरेटर काढला असता. निरीक्षकाच्या डोळ्यांपुढे मात्र त्याची आखलेली सफर उभी राहिली, निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून नकाशावर पेन्सिलीने ओढलेली, ज्यात वीज लागणार होती, पाणी लागणार होतं, तळ्याकाठी मुक्काम होता, आणि तळ्याकाठी कॉफी उकळायची होती. या चित्रात जनरेटर स्पष्ट दिसत होता. बायको दिसत नव्हती असं नाही, कॉफी कुणीतरी करतच होतं.

“एकच धरा,” ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात की भाजीवाल्याला अर्धा किलो सांगतेय. “मऊ घ्या अहो. तुमचीही पाठ काही विशीतली नाही.”

इथे त्याला राग आला. कशाचा आला ते त्याला नीट सांगता आलं नसतं, पण आला, कानशिलं तापवीत आला. तिने भांडायला हवं होतं. मला मोजलं नाहीत म्हणून चार लोकांत फणकारायला हवं होतं, म्हणजे त्याला तिची समजूत काढता आली असती, वर थोडा हक्काने वैतागताही आलं असतं. तिने नुसता त्याचाच आकडा उचलून त्याच्याच हातावर ठेवला. टायरवाला कधी ह्याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता. निरीक्षक खुर्चीतून उठला आणि सरकारी शिक्का मारावा तसा म्हणाला, “दोन. दोन माणसं. कडक टायर लावा, चारही.” टायरवाला म्हणाला, “चालेल ना ताई?” आणि ती म्हणाली, “चालेल.”

हा तिचा शब्द. लग्न झालं तेव्हापासून हाच. भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे, चालेल? चालेल. त्याची आई कायमची राहायला येतेय, चालेल? चालेल. तुझी शाळेतली नोकरी सोड, मुलीला कोण बघणार, चालेल? तेव्हा ती जरा थांबली होती, चहा गाळताना हात थांबतो तेवढी, आणि मग चालेल. मुलगी मोठी झाल्यावर एकदा जेवताना त्याला म्हणाली होती, “बाबा, आई ‘चालेल’ म्हणते तेव्हा तिला चालत नसतं, कळतं का तुम्हाला?” तो म्हणाला होता, मग चालत नाही असं म्हणावं, तोंड दिलंय देवाने. तो आजही मनापासून तेच म्हणाला असता. होकार म्हणजे होकार. लिफ्टच्या दोरखंडाला तो कधी विचारत बसला नव्हता की बाबा रे, तू मनापासून धरतोयस की नाही.

त्याने फिटरच्या मागोमाग आत जायचं ठरवलं, कारण चाकांचे नट हे लोक वाटेल तसे आवळतात, आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीशेजारी बसवेना. आत रबराचा उग्र वास भरलेला होता. ट्रक चारी पायांनी अधांतरी वर उचललेला, चाकं काढलेली, केविलवाणा दिसत होता. जुने टायर भिंतीशी पडले होते. त्यांची नक्षी अजून बोटभर खोल होती, पण बाजूंना बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, नुसतं अंगणात उभं राहून पडलेल्या. झिजायलाही त्यांना कुणी नेलं नव्हतं. एकदाच नेलं होतं. आणि ते ‘एकदा’ आता डोक्यात आलं, येणारच होतं, त्याने रबराच्या वासावर लक्ष ठेवायचा प्रयत्न केला तरी आलं.

कॅम्पर नवा घेतला होता तेव्हाची गोष्ट. मुलगी लग्न करून दूरदेशी गेली, घर एकदम ओस पडलं, आणि निरीक्षकाने हे चाकांवरचं घर आणून अंगणात उभं केलं. बायकोने आत जाऊन इवलासा ओटा पाहिला होता, घडीचा पलंग उघडून पाहिला होता, खिडकीचा पडदा स्वतः शिवला होता, पिवळा. तेव्हा ती खूश होती, हे त्याला पक्कं आठवतं, उगाच कुणी म्हणू नये. पहिल्याच सफरीत तळं गाठायच्या आधी एका माळावर मुक्काम पडला. जमीन उतरती होती. कॅम्परच्या कोपऱ्यांना पाय असतात, हँडल फिरवून ते खाली सोडायचे आणि घर समतल करायचं. तो आत जमिनीवर पाणसळ ठेवून बसला, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध यायला हवा होता, आणि ती बाहेर वाकून हँडल फिरवत होती. फिरव, तो आतून ओरडत होता. अजून. अजून थोडं. ती बाहेरून म्हणाली, “अहो, पाठ भरून आलीय, तुम्ही येता का?” तो म्हणाला, दोनच फेरे राहिलेत, बुडबुडा रेघेला टेकलाय, होईल ना? आणि ती म्हणाली, होईल, चालेल. तिने ते दोन फेरे फिरवले. बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये येऊन असा सुंदर थांबला की त्याने तिला बघायला हाक मारली. ती आली नाही. तो बाहेर आला तेव्हा ती गवतात कुशीवर पडलेली होती, हँडल अजून हातात, आणि तिच्या तोंडातून आवाजही फुटत नव्हता. पुढे ऑपरेशन, पट्टा, महिनोन् महिने पाठीखाली लाकडी फळी. तळं राहिलं ते राहिलंच. आणि त्या सगळ्या काळात, तिला संडासाला नेताना, तिचे केस विंचरताना, कारण हे सगळं त्याने केलं, कुणी नाही म्हणू नये, मनाच्या तळाशी एकच वाक्य घट्ट बसलेलं होतं: मला काय माहीत, तूच म्हणालीस चालेल. ते वाक्य त्याने तिला एकदा ऐकवलंही होतं. ती छताकडे बघत म्हणाली होती, “हो, मीच म्हणाले.”

फिटरने नट आवळले. निरीक्षकाने चारही चाकं स्वतः हाताने तपासली आणि समाधान झाल्यासारखी मान हलवली. बाहेर आला तेव्हा ती टायरवाल्याच्या टेबलाजवळ उभी होती आणि उशी तिच्या काखेत होती. “निघायचं?” तो म्हणाला. तिने मान डोलावली.

दुकानाच्या फरशीवरून ट्रक रस्त्यावर उतरला तो धप्पकन. निरीक्षकालाच तो मणक्यातून डोक्यापर्यंत जाणवला. टायरवाला खोटं बोलला नव्हता. रस्ता डोळ्यांना गुळगुळीत दिसत होता, रोजचाच, बँकेवरून, शाळेच्या भिंतीवरून, औषधांच्या दुकानावरून जाणारा, पण बुडाखाली त्याला आज टेंगळं आली होती. गटाराचं झाकण, धप्प. डांबराची शिवण, धप्प. तो हळू चालवू लागला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. ती एका हाताने दरवाजावरची मूठ धरून, दुसरा हात सीटवर रोवून, अंग अधांतरी तोलून बसली होती. ओठ आत घेतलेले. तो काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “टायर बसायला थोडा वेळ लागतो. चार दिवसांत सवय होईल.” तिने सीटवरचा हात अजून घट्ट रोवला. “मी तुला मोजलं बरं का,” तो म्हणाला. “दोनच सांगितले शेवटी.” तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग शाळेपुढच्या गतिरोधकावर ट्रक चढला आणि उतरला, तेव्हा ती काहीतरी म्हणाली, आणि त्याने ऐकलं, चालेल. त्याला इतकं बरं वाटलं! म्हणजे आपल्या बोलण्याला तिने उत्तर दिलं, म्हणजे मिटलं. तो हुशारून म्हणाला, “बघ, म्हटलं नव्हतं?” आणि ट्रक पुढे दामटला, पुढचा गतिरोधक, धप्प, त्याच्या पुढचा, धप्प. “अहो!” ती ओरडली. ती कधी ओरडत नसे. “मी चालेन म्हणतेय. चालेन! उतरवा मला. मी चालत येते.”

त्याने ब्रेक मारला. एका अक्षराचा फरक, आणि तो त्याच्या कानाला कळला नव्हता, कारण तिच्या तोंडून दुसरं काही येईल अशी कानांना सवयच नव्हती. ती खाली उतरली, आधी एक पाय, मग दरवाजाला धरून दुसरा. उशी सीटवरच राहिली. तो खिडकीतून म्हणाला, “अगं वेडेपणा काय हा, लोक बघतायत.” ती म्हणाली, “बघू दे की.” आणि चालू लागली, पट्ट्याने आवळलेली कंबर ताठ धरून, आखूड पावलं टाकत. तो काही अंतर तिच्या शेजारून ट्रक रांगवत गेला. मागे भोंग्यांचा कल्लोळ झाला, एकाने शिवीही दिली. तेव्हा तो पुढे निघून गेला. आरशात ती लहान होत गेली आणि मग औषधांच्या दुकानाशी वळली, बहुतेक गोळ्या घ्यायला.

ती घरी पोचली तेव्हा तो अंगणात कॅम्परवरची ताडपत्री काढत होता. हाताला काम हवं होतं. ती पायरीवर बसली, चपला काढल्या, पाय चोळले आणि म्हणाली, “मी येत नाहीये. तुम्ही जाऊन या.”

“टायर बदलून आणू?” तो म्हणाला. “मऊ लावू. जनरेटर ठेवतो घरी, हवं तर.” हे त्याला दुकानात सुचलं नव्हतं, आत्ता सुचलं, आणि उशिरा सुचलं हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

“नको. राहू द्या.”

“पाठीमुळेच ना?”

तिने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. “पाठ आहेच की,” ती म्हणाली आणि आत गेली.

तर पाठीमुळे. निरीक्षकाला वाईट वाटलं, खरोखर वाटलं, पण त्याच्याखाली सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली, आणि लाज वाटतेय म्हणजे आपण इतके काही वाईट नाही असंही वाटून गेलं. पाठ म्हणजे पाठ. त्याला कोण काय करणार? दुखणं काही कुणाच्या हातचं नसतं. तिने स्वतःहून जा म्हटलं. एकट्याने जाणारे काय थोडे असतात? त्याने नकाशा काढला, पेन्सिलीची रेघ पुन्हा पाहिली, आणि ती कशी का होईना अजून शाबूत आहे या विचाराने त्याला झोप लागली.

सकाळी ट्रक मागे घेऊन त्याच्या शेपटीवरचा लोखंडी गोळा कॅम्परच्या जबड्याखाली आणायचा होता. एकट्या माणसाचं हे काम नव्हे, आरशात गोळा दिसत नाही. तो दोनदा चुकला, एकदा अंगुळभर डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि स्टिअरिंगवर हात आपटला. तेव्हा ती बाहेर आली. ओला हात पुसत मागे जाऊन उभी राहिली आणि आरशात त्याला तिचा तळहात दिसला. या. या. डावीकडे घ्या. या. थोडं. बस! गोळा अचूक जबड्याखाली. तिला हे इतकं चांगलं येतं हे त्याला माहीत नव्हतं. तिने खाली वाकता येत नाही म्हणून पायाच्या टाचेने खिट्टी बसवली, दिव्यांची वायर खोचली, आणि म्हणाली, “डावा दिवा लावा. आता उजवा. लागतायत. निघा.” त्याने गोळ्या वेळेवर घे म्हटलं. तिने हो म्हटलं. पिवळा पडदा आत धुऊन इस्त्री करून टांगलेला होता, हे त्याला कॅम्परचं दार लावताना दिसलं.

ट्रक कॅम्परला घेऊन फाटकाबाहेर पडला. त्याने दात आवळून धप्पची वाट पाहिली. झालं नाही. शाळेपुढचा गतिरोधक आला, तो ट्रकने अलगद उचलला आणि अलगद ठेवला. मग दुसरा. मग डांबराची शिवण, गटाराचं झाकण, आणि गावाबाहेरचा तो उखडलेला पट्टा, जिथे कुठल्याही गाडीत दात वाजायचे, तिथे ट्रक भरल्या पोटाच्या जनावरासारखा संथ चालत होता. त्याला आधी कळेचना. मग कळलं: ओझं! मागे ओझं आलं की हे टायर बरोबर दबतात. काल गाडी रिकामी होती म्हणून आदळत होती. एवढी साधी गोष्ट! त्याने गाडी कडेला घेतली आणि घरी फोन लावला.

“अगं, धक्केच बसत नाहीत!” तो ओरडलाच. “एकसुद्धा नाही! कॅम्पर लागला ना मागे, की हे मऊ चालतात. तुला काही म्हणजे काही झालं नसतं गं. मी वळतो, येतो परत, तू फक्त कपडे भर—”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“धक्के बसत नाहीत ते. मी विचारलं होतं त्या टायरवाल्याला, तुम्ही आत चाकं बसवून घेत होतात तेव्हा. तो म्हणाला, ओढायचं असलं की काही त्रास नाही ताई, बिनधास्त जा.”

एक भरलेली बस शेजारून गेली आणि तिच्या वाऱ्याने ट्रक किंचित हलला. निरीक्षकाच्या तोंडाशी बरेच प्रश्न आले, आणि त्या सगळ्यांची उत्तरं ती आता सरळ देईल हे त्याला कळत होतं, म्हणून त्याने एकही विचारला नाही.

“सावकाश जा,” ती म्हणाली.

फोन तिने लगेच ठेवला नाही. पलीकडे रेडिओ चालू होता. तो घरात असताना त्याला गोंगाट खपत नसे म्हणून तिने रेडिओ कधी लावला नव्हता. आता मोठ्याने लावलेला होता, कुणी बाई गात होती, आणि भांडी विसळत ती तिच्याबरोबर दबक्या आवाजात गुणगुणत होती. फोन अजून चालू आहे हे ती विसरून गेली होती. फोन तसाच कानाला लावून त्याने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.